ऑक्टोपाय, ऑक्टोपोडीझ की सरळ ऑक्टोपसेस?

खोडरबर

इंग्रजी मजकूर तपासणाऱ्यांच्या मागे लागलेली ही जुनीच कटकट आहे. आज धागाच काढते.

'द मेन क्रायटेरिया इज' असं दिसलं की लाल रेघ ओढायची, हे आम्ही सगळेच करतो. एक निकष असेल तर क्रायटेरिअन, अनेक असतील तर क्रायटेरिया. फिनॉमिनन आणि फिनॉमिना तसंच. क्रायसिसचं क्रायसीझ, थीसिसचं थीसीझ, यावरही कुणी हुज्जत घालत नाही. मारामारी सुरू होते ती ऑक्टोपसवर. ऑक्टोपाय, ऑक्टोपोडीझ आणि ऑक्टोपसेस ही तिन्ही रूपं एकाच मजकुरात सुखाने नांदताना पाहिली आहेत.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे भांडायला सोपं जाईल. ऑक्टोपाय चूक आहे. शेवटी 'अस' ऐकू आलं की लॅटिन समजायचं आणि 'आय' चिकटवायचा, ही सवय अ‍ॅलम्नस–अ‍ॅलम्नाय, फंगस–फंजाय वगैरे जोड्यांनी लावली आहे. पण ऑक्टोपस मूळचा ग्रीक. 'ऑक्टो' म्हणजे आठ, 'पूस' म्हणजे पाय, आणि ग्रीकमध्ये 'पूस'चं अनेकवचन 'पोदेस'. मुळाला धरून चालायचं तर ऑक्टोपोडीझ म्हणावं लागेल, आणि तेही जोर 'टॉ'वर देऊन: ऑक्टॉपोडीझ. ते ऐकताना प्राण्यापेक्षा बोलणाऱ्याचं ग्रीकच जास्त दिसतं. राहिलं ऑक्टोपसेस. इंग्रजी शब्द, इंग्रजी प्रत्यय, विषय संपला. इंग्रजी वापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलर यांनी १९२६ सालीच '-पाय'वर काट मारून ठेवली होती.

बोला आता.

तिरकस

विषय कसला संपतोय! क्रायटेरियाला ग्रीक नियम आणि ऑक्टोपसला इंग्रजी नियम? एकाच धाग्यात दोन कायदे?

ग्रीकच पाळायचं असेल तर नीट पाळा. 'मा'ने संपणाऱ्या ग्रीक नपुंसकलिंगी नामांचं अनेकवचन 'माटा' होतं. स्टिग्मा–स्टिग्माटा, स्कीमा–स्कीमाटा. मग ड्रामाचं ड्रामाटा करा. डिप्लोमाचं डिप्लोमाटा. अरोमाचं अरोमाटा. आणि तुमच्या लाल शाईने रोज जे शेकडो कॉमा पेरता ना, ते सगळे कॉमाटा. हेही अस्सल ग्रीकच आहेत.

संथ_वाचक

कॉमाटा! हसून हसून पुरेवाट.

जुनी_पोथी

खोडरबर, ऑक्टोपायची बाजू घ्यायला सहसा कुणी पुढे येत नाही, म्हणून मी येतो. मला ते रूप आवडत नाही, पण त्याच्यावरचा आरोप अर्धाच खरा आहे.

प्राचीन ग्रीक या प्राण्याला मुख्यतः 'पोलुपूस' म्हणत, म्हणजे बहुपाद. अ‍ॅरिस्टॉटलच्या प्राणिवर्णनात हाच शब्द आहे. रोमनांनी तो उचलला आणि त्याचं 'पॉलिपस' केलं. पुढची गंमत बघा. शेवटचा 'पूस' म्हणजे पाय, त्याचं 'पोदेस' व्हायला हवं, हे रोमनांनी पाळलंच नाही. त्यांनी त्याला आपल्या साध्या '-उस' गटात टाकलं आणि अनेकवचन केलं 'पॉलिपी'. म्हणजे पायाचं 'पाय' करण्याचा हा प्रमाद आजकालच्या अर्धवट लॅटिनवाल्यांचा नाही, खुद्द लॅटिन ज्यांची मातृभाषा त्यांचा आहे! मग तोच न्याय ऑक्टोपसला लावला तर आकाश कोसळायचं कारण काय? आणि इंग्रजीतल्या तीन रूपांपैकी ऑक्टोपायच वयाने सगळ्यात मोठं आहे, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचं. ऑक्टोपोडीझ हे मागाहून आलेलं शहाणपण.

दुसरं, 'ग्रीक आहे म्हणून आय लागत नाही' हा नियमही खरा नाही. हिप्पोपोटॅमस घ्या. 'हिप्पोस' घोडा, 'पोटामोस' नदी. पूर्ण ग्रीक. पण शेवट '-ओस', आणि ग्रीक '-ओस' लॅटिनमध्ये गेला की रीतसर '-उस' होतो, अनेकवचन '-ई'. त्यामुळे हिप्पोपोटॅमाय अगदी सोवळ्यातलं रूप आहे. कॅक्टसचंही तसंच, मूळ ग्रीक 'काक्तोस', म्हणून कॅक्टाय. ऑक्टोपस आणि हिप्पोपोटॅमस शेवटाला जुळे दिसतात, पण एकाच्या शेवटी पाय आहे आणि दुसऱ्याच्या शेवटी नुसता प्रत्यय. फरक एवढाच. तो ऐकून कळत नाही, कोशात बघावा लागतो.

गेंड्याची कथा तर तिसरीच. 'रिनोकेरोस'चं ग्रीक अनेकवचन 'रिनोकेरोतेस'. रायनोसेराय म्हणणाऱ्याला मात्र कुठल्याच भाषेत आसरा नाही.

काडी_टाकू

आजचे ग्रीक लोक काय म्हणतात? त्यांनाच विचारा की.

जुनी_पोथी

आज ग्रीसमध्ये ऑक्टोपसला 'ख्तापोदी' म्हणतात आणि अनेकवचन 'ख्तापोदिया'. ऑक्टोपोडीझवाल्यांना तिथेही दाद मिळायची नाही.

बाकी संस्कृत शिकलेल्यांना 'पोदेस' परकं वाटू नये. 'चतुष्पाद्'चं अनेकवचन 'चतुष्पादः', म्हणजे विसर्गाआधीचं 'चतुष्पादस्'. तो 'पादस्' आणि हा 'पोदेस' सख्खे चुलत भाऊ. 'ऑक्टो' आणि 'अष्टौ' यांचंही तेच. आपण त्या प्राण्याला अष्टपाद म्हणतो तेव्हा अनेकवचनाचा प्रश्नच येत नाही. एक अष्टपाद, दहा अष्टपाद.

भिंगवाली

वैद्यकशास्त्रातून दोन शब्द. तिथे हा वाद अजिबात विनोदी नसतो.

डोळ्यातल्या बुबुळाच्या पडद्याला आयरिस म्हणतात. ग्रीक अनेकवचन आयरिडीझ, आणि नेत्रवैद्यकाच्या पुस्तकांत ते छापलेलं असतं. बागेतल्या आयरिस फुलांना मात्र कुणीही आयरिडीझ म्हणत नाही, ते आयरिसेस. सांधेदाहाचे पुष्कळ प्रकार आहेत, तर त्या सगळ्यांना मिळून आर्थ्रायटिडीझ. रक्तवाहिन्यांच्या दाहाचे प्रकार व्हॅस्क्युलायटिडीझ. बाहेरच्या माणसाला हे ऐकून वाटेल की डॉक्टरांना बोलताना ठसका लागलाय. पण विभागातल्या चर्चेत हे शब्द भाजीपाल्यासारखे वापरले जातात.

बोटांच्या हाडाला फॅलँक्स म्हणतात. अनेकवचन फॅलँजीझ. हाच शब्द इतिहासात ग्रीक सैन्याच्या दाट रांगेसाठी येतो, तिथे फॅलँक्सेस सर्रास चालतं. स्टिग्माचंही तसंच आहे. समाजाने लावलेले कलंक असतील तर स्टिग्माज, ख्रिस्ताच्या अंगावरच्या जखमांच्या खुणा असतील तर स्टिग्माटा. म्हणजे एकाच शब्दाच्या दोन अनेकवचनांनी अर्थ वाटून घेतलेत. इथे 'बरोबर कुठलं' असं विचारून उपयोग नाही, 'कशाबद्दल बोलताय' असं विचारावं लागतं.

आणि जुनी_पोथी, तुमचा पॉलिपस आमच्याकडेही आहे बरं का. नाकात किंवा आतड्यात वाढणारा पॉलिप हा तोच बहुपाद. जुन्या वैद्यकीय पुस्तकांत त्याचं अनेकवचन पॉलिपाय दिसतं. आता सगळे पॉलिप्स म्हणतात.

खोडरबर

भिंगवाली, हे फारच आवडलं. तिरकस, तुमच्या 'दोन कायदे' या टोमण्याला यातच उत्तर आहे. शब्द कुणाच्या तोंडी जास्त असतो त्यावर त्याचं अनेकवचन ठरतं. ड्रामा आणि कॉमा सगळ्यांच्या तोंडी रुळले, त्यांना सरसकट 'एस' लागला. स्टोमाटा (पानांवरची छिद्रं) आणि मायटोकाँड्रिया (पेशींमधले घटक) वर्गातून फारसे बाहेर पडले नाहीत, म्हणून ग्रीक वेश टिकला.

गणिती_काका

अर्धं पटलं. पण मग इलेक्ट्रॉनचं काय? तो तर प्रयोगशाळेबाहेर कधी आला होता? हे नाव भौतिकशास्त्रज्ञ स्टोनी यांनी १८९१ मध्ये दिलं, तृणमण्याला ग्रीकमध्ये 'एलेक्त्रॉन' म्हणतात त्यावरून. क्रायटेरिअनसारखाच शेवट. तरी पहिल्यापासून इलेक्ट्रॉन्स. इलेक्ट्रा म्हणायला एकही भौतिकशास्त्रज्ञ धजावला नाही. (म्हटलं असतं तर ग्रीक पुराणातली राजकन्या आडवी आली असती, ते वेगळं.) प्रोटॉन, न्यूट्रॉन, फोटॉन सगळे त्याच रांगेत. उलट बहुफलकांना आम्ही आजही पॉलिहेड्रा म्हणतो, ऑटोमॅटॉनचं ऑटोमॅटा करतो. मला यातलं एकच कारण दिसतं, आणि ते फार उदात्त नाही: पॉलिहेड्रा ज्यांनी रुळवलं ते ग्रीक भूमिती वाचून मोठे झाले होते, आणि इलेक्ट्रॉन ज्यांनी रुळवला त्यांना शाळेतलं ग्रीक विसरायची घाई होती.

लेमा म्हणजे साहाय्यक प्रमेय; त्याचं लेमाज की लेमाटा, यावर आमच्यात दोन तट आहेत आणि दोन्ही तटांची प्रमेयं सारखीच बरोबर असतात.

आता माझी खरी तक्रार. भाषणात लोक 'प्रोसेसीझ' म्हणतात त्याचं काय करायचं? 'प्रोसेसेस' म्हणायच्या ऐवजी शेवट लांबवून 'सीझ'. क्रायसीझ, अ‍ॅनालिसीझ, हायपॉथिसीझ ऐकून ऐकून यांना वाटतं की भारदस्त शब्दाचं अनेकवचन 'सीझ'नेच करायचं. अहो, प्रोसेस लॅटिनमधून आलाय, आणि त्याचं एकवचन काही 'प्रोसेसिस' नाही! 'बायसीझ' ही त्याचीच धाकटी बहीण. हे ऐकलं की माझं पुढच्या दहा वाक्यांकडे लक्षच लागत नाही.

संथ_वाचक

काका, +१. 'अ‍ॅक्सीझ' मात्र बरोबर ना? आलेखाचे दोन अक्ष?

गणिती_काका

बरोबर. अ‍ॅक्सिसचं अ‍ॅक्सीझ. तो लॅटिन आहे पण वळण तेच. लिहिताना मात्र कुऱ्हाडींचं अनेकवचन आणि अक्षांचं अनेकवचन अक्षरशः सारखं दिसतं, उच्चारात काय तो फरक.

काडी_टाकू

मला एक कळत नाही, दुसऱ्याच्या भाषेतल्या तिसऱ्याच्या शब्दांसाठी आपण एवढे का झिजतोय? 'क्रायटेरिया इज' म्हटल्याने कुणाला अर्थ कळायचा राहतो? मराठीत अहवाल हा शब्द घ्या. अरबीत 'हाल'चं अनेकवचन 'अहवाल'. म्हणजे मुळात 'अवस्था' नव्हे, 'अवस्था'चं अनेकवचन. आपण खुशाल 'एक अहवाल सादर केला' म्हणतो. नवाब? 'नाइब'चं अनेकवचन! आपला नायब एकवचन आणि नवाब अनेकवचन, पण नवाब एकटाच गादीवर बसतो. उमराव म्हणजे 'उमरा', ते 'अमीर'चं अनेकवचन. आपण 'अमीर-उमराव' म्हणतो तेव्हा एकच शब्द दोनदा म्हणतो, एकदा एकवचनात आणि एकदा अनेकवचनात.

आणि सगळ्यात भारी कवायत. 'कायदा'चं अरबी अनेकवचन 'कवाइद'. त्याची आपण एकवचनी स्त्रीलिंगी कवायत केली, आणि वर तिचं पुन्हा अनेकवचन करतो: कवायती. हे म्हणजे थेट 'क्रायटेरियाज'. मराठीत ते चालतं, कुणाला खटकत नाही, मुद्रितशोधकही सोडून देतात. मग इंग्रजीलाच का वेठीला धरायचं?

संथ_वाचक

काडी टाकायला आले आणि धाग्यातला सगळ्यात उत्तम प्रतिसाद देऊन गेले. नाव बदला आता.

जुनी_पोथी

काडी_टाकू, तुमच्या अहवालाला ग्रीकमधलाच जोडीदार देतो. बायबल. ग्रीक 'बिब्लिऑन' म्हणजे ग्रंथ, अनेकवचन 'बिब्लिया'. क्रायटेरिअन–क्रायटेरिया हीच जोडी. पवित्र ग्रंथांच्या संग्रहाला 'ता बिब्लिया', 'ते ग्रंथ', म्हणत. लॅटिनमध्ये गेल्यावर शेवटचा 'आ' बघून पुढच्या लोकांना ते स्त्रीलिंगी एकवचन वाटलं. तिथून युरोपभर 'एक बायबल'. जगातल्या सगळ्यात जास्त छापल्या गेलेल्या पुस्तकाच्या नावातच 'क्रायटेरिया इज' आहे.

याहून पुढची गोष्ट मला जास्त आवडते. प्राचीन ग्रीकमध्ये, निदान अथेन्सच्या बोलीत, नपुंसकलिंगी अनेकवचनी कर्त्याला क्रियापद एकवचनी लागत असे. व्याकरणाच्या पुस्तकांतलं ठरीव उदाहरण 'ता झोआ त्रेखेइ', म्हणजे शब्दशः 'प्राणी (अनेक) धावतो'. त्यामुळे प्लेटोच्या काळच्या अथेन्सकराला 'क्रायटेरिया आर' हेच कानाला खटकलं असतं. 'क्रायटेरिया इज' त्याला ओळखीचं वाटलं असतं.

असं का, याचं तुलनात्मक भाषाशास्त्राचं उत्तर असं की हा 'आ' मुळात 'अनेक' दाखवणारा नव्हता, 'समूह' दाखवणारा होता. समूह एक, म्हणून क्रियापद एकवचनी. हाच जुना 'आ' वैदिक संस्कृतात आहे. ऋग्वेदात 'भुवनानि विश्वा' असा शब्दप्रयोग येतो, म्हणजे 'सर्व भुवने'. एका शब्दाला नवा '-आनि', शेजारच्याला जुना '-आ', दोघांचा अर्थ अनेकवचनच. 'विश्वा'तला तो 'आ' आणि 'क्रायटेरिया'तला 'आ' एकाच घरचे. '-आनि' पुढे प्राकृतात '-आइं' झाला आणि त्यातून आपलं 'घरे', 'झाडे', बोलताना 'घरं', 'झाडं'.

खोडरबर

हे सगळं वाचून लाल शाई जपून वापरावीशी वाटते, खरं आहे. तरी मी क्रायटेरिअन सोडणार नाही, आणि कारण शुद्धतेचं नाही. निवडीच्या अटी लिहिलेला मजकूर डोळ्यांसमोर आणा. 'द क्रायटेरिअन इन क्लॉज फोर' आणि 'द क्रायटेरिया इन क्लॉज फोर' यांत अर्थाचा फरक आहे. पहिल्यात कलम चारमध्ये एकच अट आहे. दुसऱ्यात अनेक आहेत, आणि सगळ्या पुऱ्या करायच्या आहेत. दोन्हीकडे क्रायटेरिया लिहिलं तर वाचणाऱ्याला कलम चार उघडून अटी मोजत बसावं लागेल. अहवाल एक की अनेक हे 'आला' आणि 'आले' यांवरून कळतं. इंग्रजीत 'द' कुणाच्याच मदतीला येत नाही, 'वॉज–वर' सोडलं तर भूतकाळी क्रियापदही येत नाही.

ऑक्टोपसच्या बाबतीत असा काही तोटा होत नाही. तिन्ही रूपं स्पष्ट अनेकवचनी आहेत, कुणाचा गैरसमज होत नाही. म्हणून तिथे मजकूरभर एकच रूप ठेवा म्हणते आणि पुढे जाते.

तिरकस

हे पटलं. असं वारंवार लिहायची वेळ येऊ देऊ नका.

सिलॅबसचं काय? सिलॅबाय की सिलॅबसेस? शिक्षक मंडळी दोन्ही म्हणतात.

जुनी_पोथी

सिलॅबस हा शब्दच भुताटकी आहे. रोमन वक्ता सिसेरोच्या अ‍ॅटिकसला लिहिलेल्या पत्रांत ग्रंथांच्या गुंडाळ्यांना लावायच्या चामडी पट्ट्यांसाठी एक ग्रीक शब्द येतो, 'सित्तुबा'. पट्टीवर ग्रंथाचं नाव लिहीत. पंधराव्या शतकात ही पत्रं छापली गेली तेव्हा त्या जागी 'सिलॅबोस' असं चुकीचं छापलं गेलं. नंतरच्या विद्वानांनी त्या छपाईच्या चुकीलाच शब्द मानलं, त्याची एका ग्रीक क्रियापदाशी नाळ जोडून दिली, आणि त्याला लॅटिन रूप मिळालं. मग अनेकवचन सिलॅबाय. म्हणजे जो शब्द ग्रीकांनी कधी उच्चारला नाही त्याचं शुद्ध अनेकवचन काय, यावर आपण भांडतोय. म्हणा हवं ते.

खोडरबर

म्हणजे मुद्रितशोधक जागा असता तर जगाला अभ्यासक्रमच मिळाला नसता!

भिंगवाली

उलट्या दिशेचेही अपघात आहेत ना? 'एस' दिसला म्हणून अनेकवचन समजून तो कापून टाकायचा?

गणिती_काका

आहेत की. कुडोस. ग्रीकमध्ये 'कूदोस' म्हणजे कीर्ती, चक्क एकवचन. इंग्रजीत 'शाबासक्या' असं समजून लोकांनी त्यातून एक 'कुडो' वेगळा काढला. कोशांनी आता त्याचीही नोंद घेतली आहे.

जुनी_पोथी

आणि चेरी. ग्रीक 'केरासोस' म्हणजे चेरीचं झाड. लॅटिनमधून फिरत फिरत उत्तर फ्रान्सच्या बोलीत 'चेरीझ' झालं. इंग्रजांनी शेवटचा 'झ' अनेकवचनाचा समजून उडवला, उरली चेरी. मटारच्या दाण्याचंही तेच. जुना शब्द 'पीझ', एकवचनी. लॅटिनमार्गे थेट ग्रीक 'पिसॉन'पर्यंत जाणारा. त्याचा 'झ' कापला, उरला 'पी'. हे सतराव्या शतकापर्यंत इतकं अंगवळणी पडलं की आज कुणाला त्यात काही कमी आहे असं वाटत नाही. 'बायसेप्स'चा 'बायसेप' होताना मात्र आपण पाहतोय, म्हणून राग येतो.

संथ_वाचक

शेवटचा प्रश्न. प्लॅटिपस, तो बदकासारख्या चोचीचा प्राणी? तोही 'पायवाला'च ना? प्लॅटिपोडीझ?

जुनी_पोथी

'प्लाटुपूस', सपाट पायांचा. मुळाबरहुकूम प्लॅटिपोडीझ, व्यवहारात प्लॅटिपसेस. पण त्यात एक मेख आहे. जॉर्ज शॉ यांनी १७९९ मध्ये या प्राण्याला शास्त्रीय नाव म्हणून प्लॅटिपस दिलं, तेव्हा ते नाव आधीच गेलेलं होतं. हर्बस्ट यांनी १७९३ मध्येच लाकूड पोखरणाऱ्या एका भुंग्याच्या प्रजातीला ते देऊन टाकलं होतं. नियम असा की आधी ज्याला दिलं त्याचं. त्यामुळे आपल्या बदकचोच्या प्राण्याला ऑर्निथोऱ्हिंकस व्हावं लागलं, आणि शास्त्राच्या दफ्तरात प्लॅटिपस म्हणजे आजही तो भुंगाच.

तेव्हा ज्यांना प्लॅटिपोडीझ म्हणायचंच असेल त्यांनी आधी सांगावं, अंडी घालणारा सस्तन प्राणी म्हणताय की लाकूड खाणारे किडे.

गणिती_काका

किडे लाकूड खात नाहीत, पोखरतात. त्या बोगद्यांत बुरशी वाढवतात आणि ती खातात. बुरशी म्हणजे फंगस. अनेकवचन विचारू नका.